दिवसा गोष्ट सांगत नाहीत : घानातले आठ दिवस

दिवस पहिला : आक्रा

पिवळ्या तापाची लस घेतलीस का, हा प्रश्न मला महिनाभरात इतक्या जणांनी विचारला की शेवटी ते पिवळं कार्ड मी पासपोर्टलाच रबरबँडने बांधून टाकलं, आणि विमानतळावर खरोखर सगळ्यात आधी तेच मागितलं. मुंबई - आदिस अबाबा - आक्रा असा प्रवास, घड्याळ साडेपाच तास मागे. मावसभाऊ तिथे प्लास्टिकच्या कारखान्यात आहे, सहा वर्षं झाली, आणि सहाही वर्षं "ये ये" करत होता. मला जायचं होतं ते मात्र त्याच्यासाठी नाही (दादा, वाचत असशील तर सॉरी), मला जायचं होतं कोळ्यासाठी. म्हणजे मासे पकडणारा कोळी नाही, जाळं विणणारा. अनान्से. घानातल्या अकान लोकांच्या (फान्टे, आसांते हे सगळे त्यातलेच) गोष्टींमधला हा लबाड कोळी, कधी आठ पायांचा कधी सरळ माणूस, बायको-पोरं असलेला, आळशी, खादाड, आणि इतका महत्त्वाचा की त्या लोकांच्या भाषेत गोष्टीलाच 'अनान्सेसेम' म्हणतात. गोष्ट कोणाचीही असो, ससा असो राजा असो, नाव कोळ्याचंच.

संध्याकाळी दादाच्या शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या वारी जन्मलास? इथे वारावरून नाव असतं. शुक्रवारचा कोफी (कोफी अन्नान आठवा), शनिवारचा क्वामे (क्वामे एन्क्रूमा, ज्यांनी १९५७ ला देश स्वतंत्र केला ते). मला माझा वारच माहीत नव्हता. आईला फोन, तिकडे मध्यरात्र, आईने आधी "काय झालं रे?" म्हणून घाबरून घेतलं आणि मग सांगितलं बुधवार. म्हणजे क्वाकू. हे ऐकल्याबरोबर अख्खी बाल्कनी हसायला लागली, कारण अनान्सेचं पूर्ण नाव क्वाकू अनान्से! तो पण बुधवारचाच. आठही दिवस मला कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही.

रात्री त्यांच्या टीव्हीवर एक हिंदी सिरियल लागली होती, सासू, मंगळसूत्र, विजा कडाडतायत, सगळं आपलंच, फक्त सासू ट्वी भाषेत, म्हणजे अकान लोकांच्या बोलीत, ओरडत होती. इथे हे फार चालतं म्हणे. मी दहा मिनिटं बघितलं आणि मला सगळं कळलं.

दिवस दुसरा : अजून आक्राच

नॅशनल थिएटर बघितलं. जहाजासारखी पांढरी इमारत, चीनने बांधून दिलेली, १९९२ ला उघडली. त्याच जागेवर आधी एक छोटं नाट्यगृह होतं ते पाडलं, आणि मला खरं तर ते पाडलेलंच बघायचं होतं. एफुआ सदरलंड नावाच्या नाटककार बाईंनी १९६१ मध्ये उभं केलेलं ड्रामा स्टुडिओ. मधे उघडं अंगण, भोवती प्रेक्षक, म्हणजे गावातला रात्रीचा गोष्टींचा अड्डा तसाच्या तसा शहरात आणायचा. या बाईंचं म्हणणं असं की आपल्याकडे नाटक नव्हतं असं कोण म्हणतं, आजीची गोष्ट म्हणजे नाटकच आहे, ऐकणारे मधे उठतात, गातात, नाचतात. त्यावरून त्यांनी जो नाटकाचा प्रकार केला त्याला त्या 'अनान्सेगोरो' म्हणायच्या. आता त्या स्टुडिओची हुबेहूब नक्कल आक्राच्याच लेगॉन भागात युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे. तिथे गेलो. दुपार, शुकशुकाट, एक कुत्रं सावलीत. मी उगाच अंगणाच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली. कुत्र्याने बघितलं फक्त.

याच युनिव्हर्सिटीत २०१६ ला गांधीजींचा पुतळा बसवला होता आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये काढला. तिथल्या प्राध्यापकांनी विरोध केला होता, दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात गांधीजींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं त्यावरून. आपल्याला ऐकायला कडू लागतं. पण त्यांचं एक म्हणणं मला पटलं, की आमच्या आवारात पुतळे बसवायचेच तर आमच्या लोकांचे कुठे आहेत? कोणाची आठवण चौकात ठेवायची यावर भांडण आपल्याला काही नवीन नाही.

जेवायला रेड-रेड. चवळीची उसळ पामतेलात आणि सोबत तळलेली केळी. शाकाहारी लोकांनी हे नाव पाठ करून जावं.

दिवस तिसरा : वाट चुकलो

आज केप कोस्टला, दीडशेक किलोमीटर, भाड्याची गाडी. रस्त्यात मला एकुम्फी अट्विया नावाच्या गावाला जायचं होतं. याच सदरलंड बाईंनी १९६० च्या दशकात तिथल्या गावकऱ्यांना सोबत घेऊन 'कोद्झिदान' उभं केलं होतं, म्हणजे शब्दशः गोष्टीघर. देऊळ नाही, शाळा नाही, गोष्टी सांगण्यासाठी वेगळी वास्तू! अशी वास्तू दुसरीकडे कुठे मी तरी ऐकलेली नाही.

तर ड्रायव्हरकाका (साठीचे, फान्टे, गप्पिष्ट, दर दहा मिनिटांनी हॉर्न वाजवून कोणालातरी नमस्कार) त्यांना म्हटलं काका रस्ता लांब आहे, एक अनान्सेची गोष्ट सांगा. त्यांनी मान हलवली. दिवसा सांगत नाहीत. का? तर सांगत नाहीत. दिवस कामाचा, गोष्ट अंधार पडल्यावर. आणि मी एकदम सीटवर सरळ बसलो कारण आमची आजी, वर्ध्याकडची, दुपारी गोष्ट मागितली की हेच म्हणायची, "दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो". आम्हाला मामा चार, त्यामुळे आम्ही गप्प बसायचो. हे काकांना सांगितलं तर ते इतके हसले, इतके हसले, मग म्हणाले बरं तुझ्यासाठी अर्धीच सांगतो, आणि सुरू केली, अनान्से सासुरवाडीला जातो आणि गरम गरम उसळ टोपीत लपवतो, डोकं भाजतं, टक्कल पडतं... आणि आम्ही अट्वियाचा फाटा मागे टाकून मँकेसिममध्ये पोचलो होतो. पंधरावीस किलोमीटर पुढे की काय ते देव जाणे, मोबाईलला रेंज नाही, वर पाऊस सुरू. काकांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "तुझा मामा."

परत फिरायला उशीर झाला होता. गोष्टीघर राहिलं. आजही चुटपुट आहे.

पण मँकेसिम बघितलं ते एक बरं झालं. हे फान्टे लोकांचं मूळ ठाणं. उत्तरेकडच्या टेचिमानहून तीन वीरांनी लोकांना इथवर आणलं अशी त्यांची कथा, आणि तिघांची ओळख तीन प्राण्यांवरून, देवमासा, गरुड, हत्ती. गावात 'पोसुबान' आहे, असाफो म्हणजे गावच्या लढवय्या पथकाचं ठिकाण, सिमेंटचं, मजले मजले, भडक रंग, त्यावर सिंह, माणसं, असं काय काय. आपल्याकडच्या गणपती मंडळाचा देखावा कायमचा ठेवून दिला तर कसा दिसेल तसं. पण प्रत्येक मूर्तीमागे एक म्हण असते, आणि बरेचदा ती शेजारच्या पथकाला मारलेला टोमणा असतो! काकांनी दोन-तीन उलगडून सांगितल्या. म्हणी दिवसा चालतात. मी विचारून घेतलं.

दिवस चौथा : एल्मिना, केप कोस्ट

या दिवसाबद्दल काय लिहू. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ ला बांधायला घेतला, सोन्यासाठी. १६३७ ला डचांनी घेतला, १८७२ ला इंग्रजांकडे आला, मधल्या काळात सोन्याची जागा माणसांनी घेतली, गुलाम म्हणून जहाजात भरून समुद्रापार पाठवलेल्या माणसांनी. बाहेरून पांढराशुभ्र, नारळाची झाडं, मासेमारीच्या रंगीत होड्या, कोकणात आल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच आत जास्त त्रास होतो. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांच्या तळघरावर, अगदी बरोब्बर त्याच्या डोक्यावर, चर्च आहे. गाईड फक्त वर बोट दाखवतो आणि गप्प राहतो. तळघरात उजेड इतका कमी की समोरच्या माणसाचे दात तेवढे दिसतात. मग एक अरुंद दार, त्यातून थेट समुद्र. 'परत न येण्याचं दार' म्हणतात त्याला.

आमच्या ग्रुपमध्ये सत्तरीच्या एक जमैकन बाई होत्या. त्या दारातून बाहेर पडल्या, समोर कोळी लोक (हे मासेवाले) जाळी विणत बसलेले, पोरं फुटबॉल खेळतायत, त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, माझी आजी अनान्सीच्या गोष्टी सांगायची. अनान्से नाही, अनान्सी. या दारातून नाव गेलं नाही, गाव गेलं नाही, साखळीत बांधलेल्या माणसाला गाठोडं कुठलं? पण कोळी गेला. जमैका, सुरिनाम, कुरासाव, सगळीकडे उतरला, आणि तिथे मळ्यावर त्याचं काम बदललं, इकडे तो नुसता लबाड होता, तिकडे ताकदवान मालकाला फसवून जिवंत राहणारा लहान जीव झाला. (हे शेवटचं बाईंचं म्हणणं. त्या शाळेत शिकवायच्या.)

मी विचारलं आजी शेवट कसा करायची? तर त्यांनी तिथेच वाळूत उभ्या राहून म्हटलं, "जॅक मँडोरा, मी नो चूज नन." म्हणजे साधारण, ही गोष्ट काही मी निवडलेली नाही बाबा, माझ्यावर घेऊ नका. जमैकात गोष्ट अशीच संपते. आपली साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, तसं.

त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला, समुद्राकडून येताना दिसेल अशी, 'परत येण्याचं दार' अशी पाटी आहे. बाई परत आत जाताना त्या पाटीखाली थांबल्या, पायातल्या चपला काढल्या आणि मग आत गेल्या. मी फोटो काढणार होतो. नाही काढला.

दिवस पाचवा : नदी, आणि कुमासी

सकाळी वाटेत आसिन मान्सो. तिथे एक लहानशी नदी आहे, डोन्कोर एन्सुओ, गुलामांचं पाणी. उत्तरेकडून आठवडेच्या आठवडे चालवत आणलेल्या लोकांना किनाऱ्यावर नेण्याआधी इथे अंघोळ घालायचे, स्वच्छ दिसले की भाव चांगला येतो म्हणून. बांबूची सावली, थंडगार पाणी, पक्षी. १९९८ मध्ये दोन गुलामांच्या अस्थी, एक जमैकाहून, एक न्यूयॉर्कहून, समुद्रमार्गे आणून त्याच किल्ल्याच्या दारातून उलट्या दिशेने आत घेतल्या आणि इथे पुरल्या. आत येताना पाटी दिसेल अशी जी बाजू म्हटलं ती आता तुम्हाला कळली असेल. मला काल कळली नव्हती.

पुढे कुमासी, आसांते लोकांची राजधानी, चार-पाच तास, रस्त्याचं काम, धूळ. ज्या हॉटेलचं बुकिंग होतं त्यांनी पोचल्यावर सांगितलं खोलीच नाही, पैसे नंतर परत करू (अजून आले नाहीत). मग काकांच्या ओळखीने एका घरात खोली मिळाली, अंगण, आंब्याचं झाड, एक आजी, तिची सून, आणि आठ-नऊ वर्षांची नात. आजीला सगळे नाना म्हणतात. आजीला नाना, आजोबांना नाना, राजालाही नाना. मला पहिले दोन तास प्रत्येक वेळी मिशीवाला माणूसच डोळ्यासमोर यायचा.

दिवस सहावा : सोन्याचं आसन

मान्हिया पॅलेस म्युझियम. इंग्रजांनी आसांते राजा प्रेम्पे पहिला याला १८९६ ला पकडून शेवटी सेशेल्स बेटांवर पाठवला, तो १९२४ ला परतला, त्याच्यासाठी हे घर बांधलं. पण इथली मुख्य गोष्ट राजा नाही, एक स्टूल आहे. सिका द्वा कोफी, शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन. ओकोम्फो आनोच्ये नावाच्या पुरोहिताने ते आकाशातून उतरवलं आणि ते ओसेई तुतु राजाच्या मांडीवर अलगद येऊन बसलं, आणि त्यात सगळ्या आसांते लोकांचा आत्मा आहे. म्हणून त्यावर कोणी बसत नाही, राजासुद्धा नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते बसायला मागितलं! तेव्हा एजिसू गावची राणीमाता, तिचं नाव 'या असांतेवा', लढाईला उभी राहिली. लढाई हरले, तिला पण सेशेल्सला नेलं, पण आसन काही इंग्रजांना मिळालं नाही.

आणि आता ऐका. एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत इंग्रजांनी इथून लुटलेल्या सोन्याच्या वस्तूंपैकी काही २०२४ मध्ये या म्युझियममध्ये आल्या, लंडनची ब्रिटिश म्युझियम आणि व्ही अँड ए ही दोन म्युझियमं मिळून ३२ वस्तू, पण परत नाही, उसन्या. तीन वर्षांच्या बोलीवर. मी गाईडला म्हटलं थांबा थांबा, त्याच व्ही अँड ए मधून, त्याच वर्षी, तीनच वर्षांच्या बोलीवर आमच्याकडे साताऱ्याला वाघनखं आली! त्याला शिवाजी महाराज, अफझलखान, प्रतापगड सगळं सांगितलं, हातवारे करून, दोन शाळकरी पोरं पण उभी राहून ऐकायला लागली. त्याने विचारलं, तीच ती वाघनखं नक्की? म्हटलं म्युझियमवाले म्हणतात खात्रीचा पुरावा नाही. मग लोक गेले का बघायला? म्हटलं रांगा लागल्या. त्याने नुसतं "म्म्म" केलं, लांबलचक. हे घानातलं "म्म्म" फार अर्थपूर्ण असतं.

इथेच राजाच्या 'ओच्यामे'ची काठी बघितली. राजा थेट बोलत नाही, त्याचं बोलणं ओच्यामे सजवून सांगतो, आणि त्याच्या काठीच्या टोकावर सोन्याचा पत्रा मढवलेली मूर्ती असते. ती कुठली आणली आहे त्यावरून आज दरबारात काय होणार ते जाणकारांना आधीच कळतं. दोन माणसं टेबलाशी बसलेली, एक जेवतोय, एक बघतोय : जेवण ज्याचं आहे त्याचं, भूक लागलेल्याचं नाही. म्हणजे गादीवर हक्क सांगणाऱ्या कोणाला तरी गप्प बसवायचंय. एक कोळ्याची पण असते : अनान्सेच्या घरी जाऊन त्याला कोणी शहाणपण शिकवत नाही.

दिवस सातवा : छापे, धागे, आणि शेवटी रात्र

सकाळी एन्टोन्सो. आदिंक्रा, म्हणजे चिन्हांचे छापे मारलेलं कापड, छापतात ते गाव. बाडिए झाडाची साल कुटायची, भिजवायची, तासन्‌तास उकळायची, गुळाच्या काकवीसारखा काळा दाट रस होतो. भोपळ्याच्या कवचात कोरलेले छापे, मागे काड्यांची मूठ. मला एक छापा मारायला दिला, मी वाकडा मारला, पैसे सरळ घेतले. प्रत्येक छाप्याला नाव आणि म्हण. मागे वळून बघणारा पक्षी, सांकोफा, विसरलेलं आणायला मागे गेलात तर त्यात चूक नाही. कोळ्याचं जाळं पण आहे, अनान्से एन्टोन्टान. मी तेच घेतलं, अर्थातच.

पुढे बोन्विरे, केन्टे नावाचं कापड विणायचं गाव. तळहाताएवढ्या रुंदीच्या पट्ट्या विणून मग जोडतात. युनेस्कोच्या यादीत २०२४ ला आलं. कोणी शिकवलं विणायला? दोन जण जंगलात गेले, कोळी जाळं विणत होता, बघत बसले. म्हणजे इथेही तोच.

आणि रात्री जेवण झालं आणि लाईट गेली. याला इथे 'डमसॉर' म्हणतात, गेली-आली. सून मेणबत्ती शोधायला उठली तर नानाने अंधारात नुसतं "हं" केलं आणि सगळे अंगणात. मी काही मागितलं नव्हतं. नात माझ्या शेजारी, ती मला इंग्रजीत सांगत होती, अधेमधे विसरून ट्वीतच.

नानाने सुरुवात केली, "येन्से से, न्से से ओ." आम्ही खरं असं म्हणत नाही, खरं असं म्हणत नाही. जुनी पद्धत आहे ही. आधीच हात वर! काल-परवाच्या त्या बाईंचं "मी नो चूज नन" शेवटी येतं, हे सुरुवातीला.

गोष्ट साधी. अनान्सेने जगातलं सगळं शहाणपण गोळा करून मडक्यात भरलं आणि उंच झाडावर लपवायला निघाला, मडकं पोटाशी बांधलं, त्यामुळे चढताच येईना, सरकतोय, घसरतोय... आणि इथे सुनेने मधेच तोडलं, मी तिथेच होते त्या दिवशी, मी बघितलं! आणि गाणं सुरू. टाळ्या, नात उठून अनान्सेसारखी पोट पुढे काढून चढायला लागली, शेजारच्या अंगणातून पण दोन आवाज मिळाले. याला एम्मोगुओ म्हणतात, ऐकणारा गोष्ट हिसकावून घेतो, गाणं संपलं की परत देतो. नाना शांत, पाय लांब करून बसलेली, एक चप्पल पायाच्या अंगठ्यावर हलतेय. गाणं संपल्यावर बरोबर त्याच घसरण्यावरून पुढे. खालून पोरगा एन्टिकुमा म्हणतो, बाबा, मडकं पाठीला बांधा ना! अनान्सेला राग येतो, सगळं शहाणपण माझ्याकडे तर हे या पोराला कसं सुचलं? त्या रागात मडकं सुटतं, फुटतं, पावसाच्या पाण्याबरोबर सगळीकडे वाहून जातं.

मला गोष्ट माहीत होती, वाचलेली होती. आणि तरी त्या मडक्याच्या वेळी मी श्वास धरला होता, कारण सूनबाई परत तोडणार का ते कळत नव्हतं.

नानाने शेवट केला : ही माझी गोष्ट, गोड लागली असेल नसेल, थोडी न्या, थोडी मला परत आणा. आणि माझ्याकडे बघत बसली. नात म्हणाली, क्वाकू, परत आण.

काय सांगणार, चिमणी-कावळ्याची सांगितली. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. शेण म्हटल्यावर नाना इतकी हसली की ठसका लागला. पाऊस आला, कावळ्याचं घर गेलं वाहून, आला चिमणीच्या दारात, चिऊताई चिऊताई दार उघड. थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब माझ्या बाळाला काजळ घालते. सूनबाई ताबडतोब, मी तिथेच होते! आणि दार उघड, दार उघड याचं गाणं झालं, कुठल्या चालीवर कोणास ठाऊक, मला पण येत नव्हतं पण मी गात होतो. चौथ्यांदा कावळा दार वाजवतोय आणि लाईट आली. घरात टीव्ही आपोआप सुरू झाला, ती मंगळसूत्रवाली सासू ट्वीत ओरडली, आणि अर्ध्या मिनिटात अंगण रिकामं. नानासुद्धा गेली. कावळा पावसात, मी आंब्याखाली.

दिवस आठवा : परत

सकाळी आक्राची बस. नानाने वाटेला तळलेली केळी बांधून दिली. नात युनिफॉर्ममध्ये, स्टँडपर्यंत सोडायला आलेली, बस सुटायला पाच मिनिटं आणि तिने खिडकीशी येऊन विचारलं, क्वाकू, तिने दार उघडलं का?

बाहेर लख्ख ऊन होतं. म्हटलं, दिवसा सांगत नाहीत.